एनोराबुएना!

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)

दूध आटायची वाट बघत बसलेल्या माझ्या मित्रमंडळींनो,

मला वीस मिनिटं दिलेली आहेत. जन्मभर बँकेत काढल्यामुळे काउंटर वेळेवर बंद करायची सवय आहे, तेव्हा काळजी नसावी. विषय बोर्डावर लागला त्या दिवशी बी विंगमधल्या एका मित्रानं मला लिफ्टपाशी अडवलं. “अहो, सोसायटीला पंचवीस वर्षं होतायत. पाण्याच्या टाकीवर बोला, पार्किंगवर बोला. स्पॅनिश लोक चांगली बातमी ऐकून काय म्हणतात, याच्याशी आपला काय संबंध?” टाकीवर आणि पार्किंगवर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ते वीस मिनिटांत आटोपत नाहीत. म्हणून हा विषय.

पण संबंध आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, माझा मुलगा स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला असतो. सून तिथलीच. तिच्याशी आमचं इंग्रजीत भागतं. पण तिच्या आईवडलांना इंग्रजी येत नाही आणि आम्हा दोघांना तेव्हा स्पॅनिश येत नव्हतं. लग्नात दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे बघून तीन दिवस नुसती हसत होती. हसून हसून गाल दुखले. परत आल्यावर मी ठरवलं, ही भाषा थोडीतरी शिकायची. तेव्हा माझं वय ६८.

पहिल्याच आठवड्यात एक शब्द भेटला आणि मी जागच्या जागी खूश झालो. ‘व्याही’ या शब्दाला इंग्रजीत शब्द नाही. मी पस्तीस वर्षं इंग्रजीत पत्रं लिहिली, पण मुलाच्या सासऱ्याला काय म्हणायचं हे त्या भाषेला एका शब्दात सांगता येत नाही. स्पॅनिशमध्ये आहे: ‘कोन्स्वेग्रो’. ‘स्वेग्रो’ म्हणजे सासरा, आणि कोन्स्वेग्रो म्हणजे त्याच्या जोडीचा सासरा. शिवाय हा ‘स्वेग्रो’ आणि आपला संस्कृतातला ‘श्वशुर’ लांबचे भाऊच आहेत, एकाच मूळ शब्दातून निघालेले. ज्या भाषेत व्याह्याला शब्द आहे, ती भाषा अगदीच परकी नाही, असं मी हिला म्हटलं. मग आणखी सापडत गेले. आपला ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. स्पॅनिशमध्येही पैसे देणे म्हणजे ‘पागार’. बटाटा, पाव, साबण, चावी यांची स्पॅनिश भावंडंही तिथं थोड्या वेगळ्या कपड्यांत फिरताना दिसतात.

मी जुन्या सवयीनं एक लांब वही घातली. डावीकडे बातमी, उजवीकडे तिला शोभणारा उद्गार. कारण मला व्याह्यांशी राजकारणावर चर्चा करायची नव्हती. फोन यायचा तो बातमी सांगायला, आणि ती ऐकून पहिल्या दोन सेकंदांत तोंडातून काय निघतं यावर पुढचं सगळं संभाषण अवलंबून असतं. हे मला बँकेत असल्यापासून ठाऊक आहे. कर्ज मंजूर झाल्याचं सांगितलं की समोरच्याचा चेहरा आधी बोलतो.

वहीतला पहिला शब्द म्हणजे आजच्या भाषणाचं शीर्षक. ‘एनोराबुएना’. लिहिताना मध्ये एक ‘एच’ आहे, पण स्पॅनिश लोक तो गिळून टाकतात. हा एक शब्द नाही, तीन आहेत: ‘एन ओरा बुएना’, म्हणजे ‘शुभ घटकेला’. बघा, आपण अभिनंदन म्हणतो तिथं ते मुहूर्त म्हणतात! तुझी गोष्ट चांगल्या घटकेला घडली, किंवा घडो, हा त्याचा मूळ अर्थ. मध्ययुगातल्या त्यांच्या महाकाव्याचा नायक सिद. त्यालाही कवी पुन्हा पुन्हा शुभ घटकेला जन्मलेला म्हणून गौरवतो. आता अर्थात घटका कुणी मोजत नाही. परीक्षा पास झालात, नोकरी लागली, घर घेतलं, लग्न ठरलं, मूल झालं की एनोराबुएना. वाढदिवसाला मात्र साधारणपणे ‘फेलिथिदादेस’. नुसतं एक वर्ष आणखी जगल्याबद्दल एनोराबुएना म्हणत नाहीत, काहीतरी व्हावं लागतं. अटलांटिकच्या पलीकडे, मेक्सिको-कोलंबियाकडे, हा फरक पुसट होतो आणि बऱ्याचदा सगळीकडे ‘फेलिथिदादेस’च चालतं, तेही ‘थ’ऐवजी ‘स’ म्हणून, ‘फेलिसिदादेस’.

दुसरा उद्गार मला फार आवडला: ‘नो मे दिगास!’ शब्दशः अर्थ ‘मला सांगू नकोस!’ आपण नेमकं उलट म्हणतो, ‘काय सांगतोस!’ आणि दोन्हीचा भाव एकच, की ही बातमी इतकी मोठी आहे की ती एका घोटात गिळता येत नाही. (‘काय सांगतोस’ला तंतोतंत जुळणारा ‘के मे दिथेस’ही त्यांच्याकडे आहे.) मात्र ‘नो मे दिगास’ वाईट बातमीलाही चालतो, तेव्हा सूर सांभाळावा लागतो. आवाज वर गेला तर आनंद, खाली गेला तर सांत्वन. हे आपल्या ‘अरे बापरे’सारखंच झालं.

मग येतो माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: ‘मे आलेग्रो’. मला आनंद झाला. ‘मे आलेग्रो मुचो’, फार आनंद झाला. ‘मे आलेग्रो पोर ती’, तुझ्यासाठी मला आनंद झाला. आणि अगदी जवळच्या माणसाला, ‘नो साबेस क्वांतो मे आलेग्रो’, मला किती आनंद झालाय ते तुला कळणार नाही. यात गंमत अशी की ‘अभिनंदन’ किंवा ‘एनोराबुएना’ हे समोरच्याविषयी आहेत. ‘मे आलेग्रो’ स्वतःविषयी आहे. तुझ्या बातमीनं माझ्यात काय झालं, ते मी सांगतो. त्यासाठी आधी आत काहीतरी व्हावं लागतं. मला शिकवणारी मुलगी, व्हिडिओ कॉलवर शिकवायची, ती म्हणाली, काका, याच्यापुढचं वाक्य जोडलंत की क्रियापदाचं रूप बदलतं. ‘तू बरा आहेस’ हे साधं विधान एका रूपात, पण ‘तू बरा आहेस याचा मला आनंद आहे’ म्हटलं की तेच क्रियापद इच्छेच्या रूपात जातं, आपल्या ‘असावास’च्या जवळचं. म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीलासुद्धा ते इच्छेचं रूप देतात. व्याकरण म्हणून मला हे महिनाभर छळत होतं. आता वाटतं, बरोबर आहे. दुसऱ्याचं भलं झालेलं ऐकताना ते तसंच राहावं अशी इच्छाही त्यातच आली.

आता आपल्या लिफ्टमध्ये या. कुणीतरी सांगतं, मुलाला नोकरी लागली. आपला पहिला शब्द? “पॅकेज किती?” मुलीचं ठरलं. “मुलगा काय करतो?” फ्लॅट घेतला. “कार्पेट की बिल्टअप?” नात झाली. यावर जे विचारलं जातं ते मी इथं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मी शपथेवर सांगेन. चौकशी ही आपली आपुलकी दाखवायची पद्धत आहे. पण सांगणारा माणूस चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत त्याच्या आनंदाचं स्टेटमेंट देत खाली येतो, आणि दार उघडतं तेव्हा त्याचा चेहरा आयकर अधिकाऱ्यासमोर बसलेल्या माणसासारखा झालेला असतो. व्हॅलेन्सियातही चौकशा होतात. तिथल्या बायका बाजारात माशाच्या गाड्यापाशी उभ्या राहून सगळा वंशवृक्ष काढून घेतात. फक्त आधी ‘आय, के आलेग्रीआ!’ होतं, दोन्ही गालांचे मुके होतात, आणि मग वंशवृक्ष.

व्हॉट्सॲपवर तर आपण बोलणंच सोडलं आहे. पुष्पगुच्छाचं चित्र, हात जोडलेले दोन, टाळ्या तीन. मागे ग्रुपवर एका सभासदाच्या मुलाची सी.ए. पास झाल्याची बातमी आली तेव्हा मी मोजले, ४३ पुष्पगुच्छ. त्या मुलाशी प्रत्यक्ष बोललेले किती, ते मला त्याच्याच आईनं सांगितलं. तो आकडा दोन हातांच्या बोटांवर मावत होता. ‘अभिनंदन’ या शब्दातच ‘नंद’ आहे, आनंदणं आहे. आपण त्याचा रबर स्टॅम्प केला. स्टॅम्प मारण्यात माझी हयात गेली, त्यामुळे तो ओळखू येतो.

थोडं दक्षिण अमेरिकेकडे आणि मेक्सिकोकडे जाऊन येऊ, कारण स्पॅनिश वीसेक देशांत बोलतात आणि तरुण मुलांनी प्रत्येक ठिकाणी आपापलं दुकान थाटलं आहे. स्पेनमध्ये पोरं ‘के ग्वाय’ म्हणतात, कोलंबिया-व्हेनेझुएलाकडे ‘के चेवेरे’, चिलीत ‘बाकान’. कोस्टा रिकात ‘पुरा विदा’, म्हणजे शुद्ध जीवन. बातमी चांगली असो, चहा चांगला असो, निरोप घ्यायचा असो, पुरा विदा. पण मेक्सिकोनं कमाल केली आहे. तिथं चांगली बातमी ऐकली की पोरं म्हणतात ‘के पाद्रे!’ पाद्रे म्हणजे बाप. ‘काय बाप!’ आपल्या ए विंगमधली मुलं क्रिकेट खेळताना “बाप शॉट मारला!” म्हणतात ना, ते बघून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मेक्सिकोची पोरंही तेच म्हणतायत.

आता लॉटरी. माजी बँकवाल्यानं लॉटरीवर बोलू नये, तरी बोलतो, कारण स्पेनमध्ये वर्षाची सगळ्यात मोठी चांगली बातमी २२ डिसेंबरला सकाळी गाऊन सांगतात. खरोखर गाऊन. माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं पिंजऱ्यातून निघालेले आकडे आणि बक्षिसं सुरात म्हणतात, तासन्‌तास, आणि अख्खा देश ऐकत असतो. १८१२ सालापासून ही लॉटरी चालू आहे. पहिल्या बक्षिसाला म्हणतात ‘एल गोर्दो’, म्हणजे जाडोबा. एका आकड्याची खूप तिकिटं असतात, त्यातल्या तिकिटाचा दहावा भाग २० युरोंना मिळतो आणि जाडोबा आला तर त्यावर ४ लाख युरो. (हातात ३ लाख २८ हजार येतात. पहिले ४० हजार सोडून उरलेल्यावर २० टक्के कर. कर तिकडेही चुकत नाही.) लॉटरी लागली याला स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘मे आ तोकादो’. ‘तोकार’ म्हणजे स्पर्श करणे. मला लॉटरीनं स्पर्श केला. आपणही ‘लागली’च म्हणतो! पायाला दगड लागतो तसा. आणि ‘मी लॉटरी जिंकलो’ हे वाक्य इंग्रजी वळणाचं आहे. माझ्या आजीला लॉटरी लागली असती. प्रत्यक्षात लागली नाही, ते सोडा.

पण माझा मुद्दा निराळा आहे. तिथं एकट्यानं तिकीट घेणारे कमीच. ऑफिसात, बारमध्ये, क्लबात सगळ्यांनी मिळून एकच आकडा घ्यायची रीत आहे. यात प्रेम आहेच, पण दुसरीही एक गोष्ट आहे आणि तिला त्यांनी नाव देऊन टाकलंय: प्रतिबंधक मत्सर. सगळ्या ऑफिसला लागली आणि मला एकट्याला नाही, असं होऊ नये म्हणून घेतलेलं तिकीट. लसीसारखं. २०११ साली उएस्का प्रांतातल्या सोदेतो नावाच्या खेड्याला जाडोबा लागला. सुमारे ७० घरं. गावातल्या गृहिणींच्या संघटनेनं घरोघर तिकिटं विकलेली, त्यामुळे अख्ख्या गावाला पैसे मिळाले. एक घर सोडून. गावात राहणाऱ्या एका ग्रीक चित्रपटकाराकडे तिकीट नव्हतं. जगभरच्या वर्तमानपत्रांना बाकीच्या घरांपेक्षा त्या एका घरात जास्त रस वाटला. आपल्याकडे ६४ फ्लॅट आहेत. कल्पना करा, ६३ जणांना लागली आणि एकाला नाही. तुम्ही मनात कुणाचा फ्लॅट धरलात ते मला सांगू नका.

या मत्सराबद्दल त्यांचा आणखी एक रोजचा शब्दप्रयोग आहे, ‘एन्बिद्या साना’, निरोगी मत्सर. मित्र सांगतो, मी महिनाभर समुद्रकिनारी चाललो. तर ऐकणारा सरळ म्हणतो, के एन्बिद्या! मग हसून पुढे जोडतो, निरोगी हं. मत्सर हा स्पेनचा जुना दुखणेकरी विषय आहे. उनामुनो या त्यांच्या मोठ्या लेखकानं १९१७ साली ‘आबेल सांचेथ’ ही अख्खी कादंबरी त्यावर लिहिली. मला हे बोलून टाकणं बरं वाटतं. दुसऱ्याचा मुलगा पहिला आला की आत बारीकशी कळ येते, ती कुणाला चुकलेली नाही. ती तोंडावर कबूल केली की तिचं विष निम्मं होतं, आणि समोरच्यालाही ती प्रशंसाच वाटते. न बोलता ती कळ घेऊन माणूस जेव्हा “बघू, पहिल्या वर्षी सगळेच टिकतात” असं म्हणतो, तेव्हा ती बातमी आंबते.

आता जरा जुना शब्द. ‘आल्ब्रीथियास’. हल्ली तो गमतीनंच वापरतात, पण एकेकाळी चांगली बातमी आली की स्पॅनिश माणूस आनंदानं हेच ओरडायचा. शब्द अरबीतून आलेला. उर्दूतल्या ‘बशारत’चा, म्हणजे शुभवार्तेचा, नातलग. (‘ओहाला’, म्हणजे ‘तसंच होवो’, हाही असाच अरबीतून आलेला, त्यात अल्लाची इच्छा दडलेली आहे. सात-आठशे वर्षांचा शेजार होता, भाषेत मुरणारच.) पण आल्ब्रीथियासचा मूळ अर्थ उद्गार नाही. चांगली बातमी घेऊन येणाऱ्याला जी भेट द्यायची, ती आल्ब्रीथियास. बातमी आणणाऱ्याचा हक्क! हे वाचलं तेव्हा मला आपल्या घरातलं वाक्य आठवलं: “तुमच्या तोंडात साखर पडो.” आपल्याकडेही ज्याच्या तोंडून गोड बातमी आली, त्याचं तोंड आधी गोड करायचं. राजेरजवाड्यांकडे हत्तीवरून साखर वाटत, आपण पेढे वाटतो. पण सांगणाऱ्याच्या तोंडात साखर, ही खास गोष्ट आहे. तो बातमीचा मालक नसतो, नुसता आणणारा असतो, आणि तरी त्याचा मान.

हे सगळे शब्द माझ्या वहीत होते, पण ते खरोखर कामाला आले २०२० साली. त्या वर्षी नातीच्या जन्माची वाट पाहत होतो. तारीख जूनमधली. आमची तिकिटं मेची काढलेली. मार्चमध्ये स्पेनमध्ये आणीबाणी जाहीर झाली, आठवड्याभरात आपल्याकडून परदेशी विमानं बंद झाली, आणि एप्रिलच्या मध्यात, दोन महिने आधी, सून बाळंत झाली. स्पॅनिशमध्ये बाळंत होणे म्हणजे ‘दार आ लुथ’, उजेडाला देणे. मुलगी झाली. वजन १,४८० ग्रॅम. काचेच्या पेटीत.

मुलगा आणि सून आलटून-पालटून आत जायचे, एका वेळी एकालाच परवानगी. व्याही त्याच शहरात, दोन मैलांवर, पण त्यांनाही प्रवेश नाही. म्हणजे आम्ही साडेसात हजार किलोमीटरवर आणि ते दोन मैलांवर, दोघेही बाहेरच. त्या काळात स्पेनमध्ये रोज रात्री आठ वाजता लोक गॅलरीत येऊन डॉक्टर-नर्ससाठी टाळ्या वाजवत. टाळ्या संपल्या की व्याह्यांचा फोन. आपल्याकडे साडेअकरा. मुलाला आम्ही फोन करत नव्हतो. तो थकलेला असायचा, आणि त्याचा आवाज ऐकून हिला रडू यायचं. व्याही फक्त एक आकडा सांगायचे. आजचे ग्रॅम.

पहिले पाच दिवस आकडा उतरत गेला. १,४३०, १,४१०, १,३९०. डॉक्टर म्हणत होते, सुरुवातीला उतरतोच. मी आयुष्यभर आकडे वाचलेत, पण त्या आकड्यांकडे मला बघवत नव्हतं. सहाव्या दिवशी आकडा होता तिथंच राहिला. व्याह्यांनी १,३९० सांगितलं आणि मी म्हटलं, ‘मेनोस माल’. कमी वाईट. शब्दशः तेवढंच, आणि त्या रात्री खरं तर तेवढंच होतं. आपण म्हणतो ना, थोडक्यात निभावलं, तसा हा शब्द आहे. आनंद म्हणता येत नाही, पण श्वास सोडता येतो. मग आकडा चढायला लागला. दहा ग्रॅम चढला, ‘के ब्येन’. पस्तीस चढला, ‘के आलेग्रीआ’. व्याही टेबलावर टकटक करायचे, ‘तोको मादेरा’, लाकडाला हात लावतो, म्हणजे दृष्ट लागायची नाही. हे बघून हिनं एक दिवस मोबाइल टेबलावर उभा केला आणि पडद्यावरूनच मीठ-मोहऱ्या उतरवल्या. पलीकडे विहीणबाई हात जोडून उभ्या. काय चाललंय ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण उतरवून होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

मेच्या मध्यात तिकडच्या टाळ्या थांबल्या. फोन थांबला नाही. २,००० ग्रॅम झाले त्या रात्री मी कुणालाच झोपू दिलं नाही. सकाळी मी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना जिन्यातून, मास्क लावून, लांबूनच सांगितलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ‘बरं’सुद्धा नाही. वळून आत गेल्या. तासाभरानं आमच्या दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर झाकलेला डबा होता, गरम शिरा. मी वहीत डावीकडे २,००० ग्रॅम लिहिलं आणि उजवीकडे ‘शिरा’ लिहून ठेवलं. त्या वहिनी आज इथं बसल्या आहेत, आणि हे त्या पहिल्यांदाच ऐकतायत.

अडतिसाव्या दिवशी फोन वेळेच्या आधी आला. व्याही म्हणाले, ‘या एस्ता एन कासा’. घरी आली. नंतर त्यांना बोलता येईना. मी म्हटलं, ‘मे कितास उन पेसो दे एन्थीमा’, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलंत. ते वाक्य मी महिनाभर पाठ करून ठेवलं होतं, या एकाच दिवसासाठी. तेवढ्यात ही मागून ओरडली, “त्यांना सांगा, तोंडात साखर पडो!” आता याचं स्पॅनिश माझ्या वहीत नव्हतं. मी शब्दाला शब्द लावून सांगितलं, तुमच्या तोंडात साखर पडू दे. व्याही गप्प. मग फोन खाली ठेवल्याचा आवाज. दोन मिनिटांनी परत पडद्यावर आले तर हातात साखरेचा डबा आणि चमचा. आमच्यासमोर त्यांनी चमचाभर साखर तोंडात टाकली आणि डोळे पुसत चावत राहिले. त्यांना ती आमच्याकडची आज्ञा वाटली असावी. मी दुरुस्ती केली नाही. पुढे आमच्या दोन घरांत तोच रिवाज पडला. नातीचा पहिला दात, पहिली शाळा, कुठलीही बातमी सांगून झाली की तिकडे व्याही साखर खातात. त्यांची शुगर वाढलीय असं विहीणबाई म्हणतात, त्याला आमचा नाइलाज आहे.

वीस मिनिटं होत आली. एकच गोष्ट राहिली. रौप्यमहोत्सवाला स्पॅनिशमध्ये ‘बोदास दे प्लाता’ म्हणतात, चांदीची लग्नं. संस्थेची पंचवीस वर्षं झाली तरी लग्नंच. आणि आपण इंग्रजीत ज्याला ज्युबिली म्हणतो, त्याच घराण्यातला त्यांचा शब्द आहे ‘हुबिलाथ्योन’. त्याचा अर्थ काय असेल? निवृत्ती! पेन्शनर म्हणजे ‘हुबिलादो’. तेव्हा या सोसायटीचा महोत्सव पंचविसाव्या वर्षी होतोय, आमच्यासारख्यांचा रिटायर झाल्यापासून रोजच चालू आहे.

आमचे व्याही या डिसेंबरात हुबिलादो होतायत आणि जानेवारीत दीड महिना आपल्याकडे राहायला येतायत. रोज सकाळी सात वाजता बागेत फेऱ्या मारतील. उंच, टक्कल, हातात टोपी. निवृत्तीला एनोराबुएना चालतं, तेव्हा खुशाल म्हणा. आधी ते म्हणा. पेन्शन किती बसली हे दुसऱ्या दिवशी विचारा. आकडा मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही.

दूध आटलेलं दिसतंय.